वाटखर्चाचा करार

पंढरीच्या वारीला निघणाऱ्याला रस्ता कुणाकडून आखून घ्यावा लागत नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत वाखरीला पोचणार, हे वारकऱ्याच्या पणजोबांनाही ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही पालखीसोबत चालतात. दिंडीत नाव नोंदवायचं, भिशीचे पैसे भरायचे, की जेवणाची, राहुटीची आणि सामान वाहून नेण्याची सोय दिंडीकडे. सगळ्यांचा मार्ग एक, तारीख एक, आणि एका दिंडीपुरता खर्चही एक.

काशीयात्रेचं तसं कधीच नव्हतं. बरोबर म्हातारी आई आहे की लहान मुलं, वडिलांचं गयाश्राद्ध करायचं आहे की नुसतं गंगास्नान, येताना कावड आणायची की नाही, पुढे रामेश्वर करायचं का, डोलीचा खर्च झेपेल की पायीच जायचं, यावर प्रत्येक घराची काशी वेगळी ठरायची. त्यामुळे निघण्याआधी कुणाला तरी गाठून बसायचं, आपली माणसं आणि आपली ऐपत सांगायची आणि विचारायचं, साधारण किती लागतील?

हाच प्रश्न आज मला रोज फोनवर येतो. मी पुण्यात एकेका कुटुंबासाठी स्वतंत्र सहली आखून देते. आमच्या धंद्यात त्याला एफआयटी म्हणतात आणि गिऱ्हाईक त्याला कस्टमाइज्ड टूर म्हणतं. बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्यानं होते, "ताई, कोटेशन पाठवून द्या ना." अनेकांना वाटतं की अशी बेतून घेतलेली सहल ही अलीकडची चैन आहे. जुन्या प्रवासांच्या नोंदी वाचत गेल्यावर मला उलटंच दिसत गेलं. लांबचा प्रवास पूर्वी बहुधा बेतूनच घ्यावा लागत होता. तयार, ठरीव, छापील किमतीची सहल हीच त्या मानानं नवी. आणि आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त महत्त्वाची आहे. प्रवासाचा भाव हा वरवर एक आकडा दिसतो, पण त्याच्या पोटात नेहमी एक वाटणी असते. वाटेत काही बिघडलं तर ते कुणी सोसायचं, याची ती वाटणी. प्रवास विकण्याच्या धंद्याचा सगळा इतिहास या वाटणीचा इतिहास आहे, असं माझं मत आहे.

पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिला. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळी यात्रेकरूनं कोणते विधी कोणत्या क्रमानं करावेत, याचं शास्त्र त्यात आहे. यात्रेचा धार्मिक आराखडा असा लिखित स्वरूपात उपलब्ध होता. खर्चाचा आराखडा मात्र ज्यानं त्यानं करायचा. दागिने आणि रोकड बरोबर नेणं धोक्याचं, म्हणून ऐपतदार माणूस आपल्या गावच्या सावकाराकडून काशीच्या पेढीवरची हुंडी घ्यायचा. निघताना घरच्या देण्याघेण्याची निरवानिरव करायचा, कारण परत येऊच याची खात्री नसे. सुखरूप परतलाच तर गंगापूजन आणि मावंदं घालायचं असे, आणि त्या गावजेवणाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा लागे.

तिकडे पोचल्यावर सगळी भिस्त तीर्थोपाध्यायावर. त्याच्याकडे वह्या असत, आजही आहेत. गाव, आडनाव आणि कूळ सांगितलं की पाच-सात पिढ्यांपूर्वी त्या घरातून कोण आलं होतं, हे तो वाचून दाखवतो. हे आपल्या डोळ्यांना भाविकतेचं चित्र वाटतं, पण धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर ती गिऱ्हाइकाची अतिशय काटेकोर नोंद होती. उतरण्याची जागा, शिधा, विधींचं सामान, नावाडी, पुढच्या तीर्थातल्या उपाध्यायाला निरोप, सगळं तोच बघे. यजमानाचे पैसे संपले तर तो उसने देई, आणि गावी परतल्यावर यजमान ते पाठवून देई. म्हणजे जोखमीचा काही भाग त्यानं उचललेला असे, आणि तो उचलण्याची हिंमत त्याला त्या वहीतून मिळे. ज्याच्या आजोबांची सही आपल्याकडे आहे, तो माणूस पैसे बुडवणार नाही, एवढा तो हिशेब होता.

या व्यवस्थेचा दुबळा सांधा गयेला दिसे. श्राद्धाचे सगळे विधी उरकले की शेवटी अक्षयवटाखाली गयावळ ब्राह्मण 'सुफल' म्हणत, म्हणजे यात्रा फळाला आली असं जाहीर करत. दक्षिणेची बोलणी तिथे, त्या क्षणी होत. शेकडो कोस चालून आलेला, पितरांच्या नावानं हात जोडून उभा असलेला माणूस तिथे घासाघीस काय करणार? किंमत प्रवासाच्या शेवटी सांगितली तर यात्रेकरूच्या हातात काहीच उरत नाही. हा प्रसंग वाचल्यापासून, भाव आधी आणि कागदावर मागून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला कधी कंटाळा येत नाही.

ज्याच्या पाठीशी सत्ता होती, त्याची जोखीम सत्ता उचले. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 मध्ये काशीयात्रेला निघाल्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. वाटेत उदेपूर आणि जयपूरच्या दरबारांनी त्यांचा मोठा सन्मान केला. उत्तरेत मराठ्यांची फौज आणि मराठ्यांचे वकील यांचा दबदबा होता, म्हणून वृद्ध आईचा प्रवास निर्धोक झाला. अहिल्याबाई होळकरांनी त्याच शतकात ही सुरक्षितता सामान्य यात्रेकरूपर्यंत पोचवली. काशी विश्वनाथाचं देऊळ आणि गयेचं विष्णुपद मंदिर त्यांनी बांधलं हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या दृष्टीनं त्यांचे घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रं तितकीच मोठी आहेत. धर्मशाळेत मुक्काम फुकट झाला, की गरिबाच्या वाटखर्चातली एक मोठी रक्कम गळून पडते.

आणि ज्याच्या पाठीशी कुणीच नव्हतं, त्याचं काय होई, हे विष्णुभट गोडसे वरसईकरांनी लिहून ठेवलं आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे हे भिक्षुक 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल आणि घरचं कर्ज फिटेल, हा त्यांचा अंदाज होता. तो हिशेब चुकीचा नव्हता. पण वाटेत बंड पेटलं, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळालेलं द्रव्य लुटलं गेलं. भारतीय माणसानं डोळ्यांनी पाहून लिहिलेला सत्तावनचा तो दुर्मीळ वृत्तान्त आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी तो 1907 मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापला. इतिहासकार त्यात झाशीची राणी शोधतात. मला त्यात कर्ज फेडायला निघालेला आणि वाटेतल्या प्रत्येक संकटाची किंमत स्वतःच्या कनवटीतून मोजणारा प्रवासी दिसतो.

साधारण त्याच काळात इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये एक वेगळी रीत रुळली होती. तिथे युरोपातून आलेला प्रवासी ड्रॅगोमन गाठायचा. हा दुभाषा, वाटाड्या आणि मुकादम असा तिन्ही. प्रवासी सांगणार, आम्ही इतके जण, इतके दिवस, अमुक ठिकाणं. ड्रॅगोमन माणशी रोजचा दर सांगणार, आणि त्या दरात तंबू, खाटा, स्वयंपाकी, घोडी, खेचरं, वाटेतली बक्षिसी असं सगळं आलं. मरी आणि बेडेकर या युरोपीय प्रकाशकांच्या प्रवासपुस्तकांत अशा कराराचे नमुनेच छापलेले असत आणि करारावर वकिलातीत सही करावी असा सल्ला असे. जेवणात काय असावं, जनावरांचं बरंवाईट झालं तर नुकसान कुणाचं, पैशाचा कोणता भाग निघताना आणि कोणता परतल्यावर द्यायचा, हे कलमवार लिहायचं. मार्क ट्वेन 1867 मध्ये बैरूतहून याच पद्धतीनं निघाला. माणशी रोज पाच डॉलर सोन्यात, असा ठराव होता. त्याच्या आठ जणांच्या टोळीसाठी एकोणीस नोकर आणि सव्वीस खेचरं उभी राहिलेली पाहून तो थक्क झाला. माझ्या टेबलावरच्या आजच्या कोटेशनमध्ये जी कलमं असतात, त्यांपैकी बहुतेक त्या करारांत सापडतात. त्या अनाम ड्रॅगोमन मंडळींना मी माझ्या व्यवसायाचे पूर्वज मानते.

ठरीव सहलीचा जनक म्हणून थॉमस कुकचं नाव घेतात. इंग्लंडमधला हा लाकूडकाम करणारा, दारूबंदीचा प्रचारक. 5 जुलै 1841 रोजी त्यानं लेस्टरहून लफबरोच्या दारूबंदी सभेला सुमारे पाचशे माणसं खास रेल्वेगाडीनं नेली, दर माणशी एक शिलिंग. तिथून पुढे तीस वर्षांत तो युरोप, इजिप्त, पॅलेस्टाइन करत 1872–73 मध्ये 222 दिवसांच्या जगप्रदक्षिणेपर्यंत पोचला. त्या फेरीत तो भारतातूनही गेला. मात्र कुकनं फक्त घोळके नेले, हे अर्धंच खरं आहे. 1860 च्या दशकात स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याच्या घोळक्याच्या सहलींना सवलत देणं थांबवलं, तेव्हा त्यानं एकट्यादुकट्या प्रवाशाकडे लक्ष वळवलं. तुम्ही मार्ग निवडा, दिवस सांगा. गाडीभाडं, मुक्काम आणि जेवण धरून आम्ही एक रक्कम सांगतो, असं तो म्हणू लागला. 1868 पासून त्यानं हॉटेलची कुपनं काढली. प्रवाशानं घरीच पैसे भरायचे, परक्या गावात कुपन दाखवायचं, आणि हॉटेलवाल्यानं ठरलेल्या दरात खोली आणि जेवण द्यायचं. परदेशी नाणं, परकी भाषा आणि अनोळखी हॉटेलवाला, या तिन्हींची भीती त्या कागदाच्या तुकड्यानं कमी केली. आज आम्ही देतो ते हॉटेल व्हाउचर त्याच कुपनाचा वंशज आहे.

1881 मध्ये कुकची कचेरी मुंबईत उघडली आणि काही वर्षांतच तिच्यावर एक अवघड जबाबदारी आली. हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचं मुख्य बंदर मुंबई. देशभरातून आलेले यात्रेकरू इथल्या मुसाफिरखान्यांत जहाजाची वाट पाहत थांबत आणि दलालांच्या तावडीत सापडत. भाडं दर दिवशी वेगळं, जहाजं खचाखच भरलेली, आणि पुष्कळांकडे परतीचे पैसेच नसत. जेद्दाला अडकून पडलेल्या गरीब यात्रेकरूंचा प्रश्न सरकारला छळू लागला होता. तेव्हा सरकारनं 1886 मध्ये थॉमस कुक कंपनीला हजच्या वाहतुकीचं काम दिलं. हिंदुस्थानातल्या गावापासून रेल्वे, मग जहाज आणि परतीचा प्रवास, यांचं तिकीट आधीच ठरलेल्या दरात मिळावं, ही कल्पना. धंदा म्हणून ते काम तोट्याचं ठरलं आणि 1893 मध्ये संपलं. तरीही मला तो प्रयत्न मोलाचा वाटतो. भाव आधी सांगणं ही श्रीमंतांची सोय राहू नये, सगळ्यात गरीब प्रवाशाला तिची सगळ्यात जास्त गरज असते, हे मुंबईच्या धक्क्यावर तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, 1863 मध्ये बोरघाट ओलांडला गेला आणि 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. महिन्यांची काशी दिवसांवर आली. भाडं छापील झालं, त्यामुळे घासाघीस संपली. पण आपल्या मनासारखी यात्रा बेतायची रीत रेल्वेतही टिकून राहिली, आणि ती मी माझ्या घरात पाहिली आहे.

माझे वडील टपाल खात्यात होते. केंद्र सरकारनं 1956 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत दिली. पुढे तिच्यात चार वर्षांच्या गटात एकदा देशात कुठेही सहकुटुंब जाण्याचं भाडं सरकार देऊ लागलं. मराठी मध्यमवर्गाला घराबाहेर काढणाऱ्या गोष्टींत या सवलतीचं स्थान फार वर आहे. आमच्या घरात तिला एलटीसी म्हणत आणि तिच्यासाठी वडील रेल्वेचं सर्क्युलर जर्नी तिकीट काढायच्या तयारीला लागत. ज्या स्टेशनवरून निघायचं तिथेच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, आणि मार्ग आपला आपण सुचवायचा. अर्ज केला की रेल्वे त्या मार्गाचं भाडं काढून द्यायची. ते काढण्याची रीतही प्रवाशाच्या फायद्याची आहे. एकूण अंतराचे दोन समान भाग करायचे आणि तेवढ्या अंतराच्या दोन सरळ प्रवासांचं भाडं घ्यायचं. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो, म्हणून तुकड्या-तुकड्यांची तिकिटं काढण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

वडिलांनी आखलेला एक मार्ग मला पाठ आहे. पुण्याहून अलाहाबाद, काशी, गया, हावडा, पुरी, मद्रास, रामेश्वर, आणि आठवा थांबा. त्या आठव्या थांब्यावर घरात किती दिवस खल चालला! आजीला तिरुपती हवं होतं, आईला म्हैसूरसाठी बंगळूर. रेल्वेचं वेळापत्रक जमिनीवर पसरलेलं असायचं आणि कुठे रात्र गाडीत काढली तर धर्मशाळेचं भाडं वाचेल, याचा हिशेब वडील पेन्सिलीनं कडेला मांडायचे. काशीच्या तीर्थोपाध्यायांना पोस्टकार्ड जाई. त्यांचं उत्तर येई, गाडीचा दिवस कळवा, माणूस स्टेशनवर उभा राहील. पुढच्या गाडीचं आरक्षण स्टेशनमास्तरांना सांगून तारेनं मागवावं लागे. हे सगळं जमवून, भाड्याचा आकडा हाती येऊन, रजा मंजूर झाली की मग आई लाडूंना सुरुवात करी. सहलीची आखणी हे जाणकारीचं काम आहे, हे मी त्या पेन्सिलीच्या आकड्यांवरून शिकले. हे काम करून पोट भरता येतं, हे पुष्कळ नंतर कळलं.

परदेशाचा प्रश्न वेगळा होता. साठच्या दशकात परदेशी निघालेल्या भारतीयाला सरकार जेमतेम आठ डॉलर बरोबर नेऊ देई. अशा काळात परदेशी सहलीचा अंदाजखर्च मागायला येणार कोण? परकीय चलन हळूहळू मोकळं झालं, हाती पैसा आला आणि मराठी माणसाच्या सहलीचं युग सुरू झालं ते ग्रुप टूरच्या रूपानं. केसरी पाटलांनी 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू केली, आणि त्या वाटेनं अनेक मराठी संस्था पुढे आल्या. ग्रुप टूर मी विकत नाही, पण तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. कधी एकटीनं स्टेशनावर न गेलेल्या बायका तिच्यामुळे युरोपात पोचल्या. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांना मराठी बोलणारा टूर मॅनेजर मिळाला, स्वित्झर्लंडमध्ये वरणभात मिळाला. सगळ्यांचा मार्ग एक, तारीख एक, खर्च एक. हा दिंडीचाच नमुना होता आणि आपल्या समाजाला तो ओळखीचा होता. जोखीम कंपनीची, ही खात्री लोकांनी त्या एकरकमी किमतीत विकत घेतली.

गेल्या काही वर्षांत पुन्हा काशीयात्रेचा नमुना वर आला आहे. गुडघे दुखणारे आईवडील, चार वर्षांचं मूल आणि पक्षी पाहायचं वेड असलेला मुलगा एकाच घरात असतात आणि त्यांना एकाच बसचं वेळापत्रक मानवत नाही. असं कुटुंब माझ्याकडे हिमाचलचं कोटेशन मागतं तेव्हा कागदावर काय काय चढतं, ते सांगते. गाडी आधी. टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची की इनोव्हा, रोजचे किमान किलोमीटर किती धरलेत, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल, राज्याचा परवाना, पार्किंग. मग खोल्या. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. मुलाला वेगळी गादी हवी की आईजवळ झोपेल, तळमजल्यावरची खोली मिळेल का, लिफ्ट आहे का. रोहतांगचा परवाना वेगळा. त्यावर जीएसटी. आणि शेवटी आमचा मोबदला, जो पुष्कळदा हॉटेलच्या दरात मिसळून दाखवला जातो. तो उघड लिहावा, असं मला वाटतं. डॉक्टरांची तपासणी फी आपण देतोच; दोन-तीन दिवस खपून एका कुटुंबाला झेपेल असा मार्ग शोधणं, हेही तसंच जाणकारीचं काम आहे.

इथपर्यंतचा भाग बेरजेचा. खरा मजकूर त्याच्या खालच्या पानावर असतो, आणि ते पान फार थोडे लोक वाचतात. दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद राहिला तर जादा मुक्कामाचं बिल कुणाचं? विमान रद्द झालं तर पुढच्या हॉटेलचे पैसे परत मिळतील का? निघण्याच्या आठवडाभर आधी आजी आजारी पडल्या तर? एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आकाश बंद केलं, तेही आपल्या सुट्टीच्या मोसमाच्या तोंडावर. जून 2013 मध्ये केदारनाथला प्रलय आला आणि महाराष्ट्रातले कितीतरी यात्रेकरू उत्तराखंडात अडकले. 23 सप्टेंबर 2019 रोजी ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी एका रात्रीत बंद पडली. भारतातली त्या नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, म्हणून ती वाचली. आणि मार्च 2020 च्या टाळेबंदीत तर अख्ख्या देशाच्या सहली एका घोषणेनं रद्द झाल्या. विमान कंपन्यांनी आणि हॉटेलांनी रोख परताव्याऐवजी पुढच्या तारखेची पत्रं दिली. गिऱ्हाईक आमच्याकडे पैसे मागत होतं, आमचे पैसे पुढे अडकले होते. त्या महिन्यांत टिकलं ते फक्त, ज्यांच्या कागदावर परताव्याची कलमं स्वच्छ लिहिलेली होती, त्यांचं नातं. आकडा स्वस्त होता की महाग, याची कुणालाही आठवण राहिली नव्हती.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या कायद्यानं प्रवाशाला दाद मागण्याची जागा दिली. सांगितलेलं हॉटेल दिलं नाही, कबूल केलेलं स्थळ दाखवलं नाही, तर ग्राहक आयोगात जाता येतं. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की कबूल काय केलं होतं, आणि ते कशावर लिहिलं आहे? ड्रॅगोमनच्या करारावर वकिलातीत सही घ्यायला सांगणाऱ्या जुन्या पुस्तकाला हेच ठाऊक होतं. गयेच्या अक्षयवटाखाली उभ्या राहिलेल्या यात्रेकरूकडे हेच नव्हतं.

म्हणून सहलीचा भाव मागणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. पाच ठिकाणी एकच ओळ पाठवून सगळ्यात लहान आकडा निवडू नका. आधी स्वतःबद्दल मोकळेपणानं सांगा. कोण येणार, कुणाला किती चालवतं, कुणाचं पथ्य काय, रात्रीचा प्रवास चालेल का, आणि खर्चाची तुमची मर्यादा किती. मर्यादा लपवली की आखणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागतं आणि त्यातून तुमच्या उपयोगाचं काही निघत नाही. मग कागद मागा, आणि त्यात काय धरलेलं नाही ते आधी वाचा. रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत, वाटेत अडकलो तर कोण धावून येणार, त्याचा नंबर रात्री उचलला जाईल का, हे विचारा. जो हे प्रश्न टाळतो, त्याचा आकडा कितीही गोड असला तरी तो घेऊ नका.

आणि माझ्या व्यवसायातल्या तरुण मुला-मुलींनाही हेच सांगते. आता तिकिटांचे आणि हॉटेलांचे दर कुणालाही मोबाइलवर दिसतात. नुसती बेरीज करून देण्याचे पैसे यापुढे कुणी देणार नाही. आपल्याकडे मागायला येतात ती जबाबदारी. तीर्थोपाध्यायाच्या वहीत यजमानाचं कूळ होतं, म्हणून तो परमुलखात त्याला पैसे देऊ शकला. आपणही माणसं तशीच नोंदवून ठेवली पाहिजेत, त्यांच्या गुडघ्यांसकट आणि पथ्यांसकट. जेवढं आपण सोसू तेवढंच कागदावर लिहावं, आणि लिहिलं तेवढं सोसावं. ज्या कोटेशनवर अशी सही असते, ते महाग असलं तरी लोक घेतात, आणि पुढच्या पिढीलाही त्याच दारात पाठवतात.